कातडीखालचे रक्त

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरला आमच्या चाळीत धाकट्या भावाला ताप आला. चौथ्या दिवशी पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके उमटले. आई म्हणाली, "घामोळे असेल." शेजारच्या काकू अंगदुखीवर ॲस्पिरीन घेऊन आल्या.

डॉक्टरांनी ठिपक्यांवर काचेचा पेला दाबला. घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी पडते. हे ठिपके तसेच राहिले. म्हणजे रक्त केशवाहिन्यांतून बाहेर पडून कातडीत साकळले होते. हाच पर्प्युरा. मूळ लॅटिन शब्द जांभळ्या रंगाचा. मराठीतला 'नीलारुणी रोग' मला तरी अधिक देखणा वाटतो.

वाहिन्यांची बारीक छिद्रे बुजवतात त्या प्लेटलेट. एका घनमिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असाव्यात. भावाच्या ३८ हजार निघाल्या. डेंग्यू! कधी तापाशिवायही शरीर आपल्याच प्लेटलेट मारते, पण इथे ते नव्हते. ॲस्पिरीन उरल्यासुरल्या प्लेटलेटनाही लुळे करते, म्हणून डॉक्टरांनी तापावर फक्त पॅरासिटामॉल दिले. २०१२ साली यश चोप्रा मुंबईत डेंग्यूनेच गेले, हे आईला नेमके तेव्हाच आठवले.

काकूंनी गोळी मुकाट्याने परत नेली. आठव्या दिवशी आकडा चढू लागला. ठिपके जांभळे, मग पिवळट होत मावळले.