त्या खाचा चंद्राच्या का?

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला, की मोहल्ल्यातल्या गच्च्या भरतात. पश्चिमेला कोर दिसली तर उद्या ईद. नाही दिसली तर आणखी एक रोजा. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून हिजरी महिना कधी २९ तर कधी ३० दिवसांचा. शेजारच्या घरात संकष्टीचा उपवास सुटतो, तोही याच चंद्राला पाहून. चंद्रावरून दिवस मोजायला माणसाने सुरुवात तरी कधी केली असेल?

दक्षिण आफ्रिकेतील ‘बॉर्डर केव्ह’ या गुहेत बबून माकडाच्या हाडाचा एक तुकडा सापडला. वय ४० हजार वर्षांहून जास्त, आणि त्यावर खाचा बरोबर २९! चांद्र महिना म्हणावा, असा मोह कोणालाही होईल. पण ते हाड एका टोकाला तुटलेले आहे. मूळ खाचा किती होत्या, हे ते हाड सांगू शकत नाही.

फ्रान्समधील ‘आब्री ब्लांशार’ येथील हाडाची पट्टी याहून प्रसिद्ध आहे. सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या या पट्टीवर नागमोडी रांगेत ६९ खुणा आहेत. काही गोल, काही कोरीसारख्या. अलेक्झांडर मार्शॅक हे अमेरिकी पत्रकार माणसाच्या चंद्रमोहिमांवर लिहिता लिहिता या विषयाकडे वळले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खुणा तपासल्या आणि ही सव्वादोन महिन्यांच्या चंद्रकलांची नोंद आहे, रांगेची वळणे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास येतात, असे मांडले. १९७२ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि जगभर चर्चा झाली.

पुढे फ्रान्चेस्को देरिको या पुरातत्त्वज्ञाने वेगळा मार्ग धरला. त्यांनी स्वतः गारगोटीच्या हत्यारांनी दगडांवर रेघा ओढल्या आणि त्यांची जुन्या रेघांशी तुलना केली. चांद्र नोंदी मानल्या गेलेल्या काही कोरीव खड्यांवरच्या रेघा एकाच हत्याराने, एकाच बैठकीत ओढलेल्या निघाल्या. रोज रात्री चंद्र पाहून एकेक खूण करणाऱ्याचे काम असे दिसणार नाही. १९८९ मध्ये त्यांनी विचारले, की हे हवे तेच दिसणे तर नव्हे? मात्र वेगवेगळ्या हत्यारांनी केलेल्या खुणाही काही वस्तूंवर त्यांना आढळल्या. म्हणजे आदिमानव काहीतरी नोंदत असावा. ते काहीतरी म्हणजे चंद्रच, हे मात्र अजून सिद्ध व्हायचे आहे.

हा वाद आपल्याला परका वाटू नये. आकाश ढगाळ असेल तर ईदच्या चंद्रासाठी किमान दोन विश्वासू साक्षीदार लागतात. ‘मला वाटले, दिसला’ एवढ्यावर ईद जाहीर होत नाही. साक्ष देणाऱ्याला विचारतात: कुठे दिसला, किती वाजता, कोर कोणत्या बाजूला झुकली होती? सणाची घाई सगळ्यांनाच असते, म्हणूनच ही चौकशी. त्या हाडांच्या बाबतीत साक्षीदार उरलेले नाहीत. उरल्या आहेत फक्त खाचा. त्यांची उलटतपासणी सूक्ष्मदर्शकालाच करावी लागते.

चंद्र पाहायला पंचांग लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. गुहेच्या तोंडाशी बसलेल्या माणसालाही तो कलेकलेने वाढताना आणि झिजताना दिसतच होता. त्याने ते दिवस मोजले असतील, असे मनापासून वाटते. पण वाटणे ही साक्ष नव्हे.