मेलेल्या कोंबड्या उचलायला कोण जाणार?

नारायणगाव-मंचर भागात शेताच्या कडेला पोल्ट्रीची लांबट शेडे दिसतात. आपल्या वस्त्यांतले काहीजण तिथे रोजाने जातात. खाद्य टाकायचे, लेंडीखत काढायचे, गाडी भरायची. घरी चार गावठी कोंबड्या पाळणारेही आहेत. म्हणून या वेळी बर्ड फ्लूविषयी लिहीत आहोत.

भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, २००६ साली. कोंबड्या पटापट मरू लागल्या तेव्हा आधी वाटले, मानमोडी असेल. चूक समजण्यासारखी होती. दोन्ही रोगांत कोंबडी सुस्त होते, खात नाही, अंडी घटतात, श्वास घरघरतो. तुरा निळा पडला, डोके सुजले तर बर्ड फ्लूचा संशय घ्यावा; पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासल्यावर १८ फेब्रुवारीला एच-५-एन-१ हा विषाणू जाहीर झाला. मग आसपासच्या तीन किलोमीटरमधल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. घरोघरी ताप कोणाला आहे हे पाहिले गेले, माणसांचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेतही तपासले. एकालाही लागण निघाली नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात हाच रोग पुन्हा आला. तेव्हा एक किलोमीटरच्या आतील कोंबड्या नष्ट केल्या.

पण माणसाला धोकाच नाही, असे समजू नका. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा या विषाणूने दिल्लीत दगावला. लागण माणसाकडून माणसाला सहज होत नाही. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यानेही होत नाही, ७० अंश उष्णतेला विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी कोंबडी हाताळण्यात, पिसे काढण्यात, विष्ठेची धूळ नाकात जाण्यात.

आणि हे काम कोणाला सांगितले जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. मेलेली ढोरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. आज शेडमालक म्हणतो, "शंभर रुपये जास्त देतो, पोरांना पाठव, खड्ड्यात टाकून ये." नाहीतर, "आत्ताच मेलीय, घेऊन जा घरी." दोन्हींना नाही म्हणा. फुकटची कोंबडी घरात सोलली की आईच्या आणि लेकरांच्या हाताला विषाणू लागतो. पुरण्याचे काम पशुसंवर्धन खात्याच्या देखरेखीखाली, मास्क, हातमोजे, चष्मा, गमबूट आणि अंगभर पोशाख घालूनच व्हायला हवे. मारणाऱ्या पथकाला प्रतिबंधक गोळ्याही देतात. मजुराने ते मागणे हा माज नव्हे.

घरच्या दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. उघड्या हाताने शिवू नका, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवा. लपवण्यात तोटाच आहे: सरकार भरपाई देते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. परसातल्या कोंबड्याही त्यात धरतात.

अशा शेडवर काम केलेल्याला दहा दिवसांत ताप, खोकला किंवा दम लागला तर ग्रामीण रुग्णालयात जा, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच कोंबड्यांचे सांगा.