कासवांनी मान बाहेर काढली तेव्हा

बॉस्टन : इथल्या नॉर्थ स्टेशनला लागून 1998 पर्यंत ‘बॉस्टन गार्डन’ नावाचं क्रीडागृह उभं होतं. ते पाडलं, आता बाजूला नवं आहे. मला कुतूहल होतं ते जुन्याचं. ते बांधलं टेक्स रिकर्ड या मुष्टियुद्धांच्या प्रवर्तकानं, म्हणजे सामने ठरवणाऱ्या आणि तिकिटं विकणाऱ्या व्यापाऱ्यानं. योद्ध्याच्या अंगावरचा घाम दिसावा इतकी जवळ खुर्ची, ही त्याची कल्पना. नोव्हेंबर 1928 मध्ये उद्घाटनही मुष्टियुद्धानंच झालं. आणि आठ वर्षांनी याच वास्तूत काऊबॉयनी संप केला.

रिकर्ड स्वतः टेक्सासात गुरं हाकत वाढलेला. पुढे तो एका गावचा मार्शल झाला, मग अलास्कात सोन्यामागे धावला, मग नेवाडात सामने भरवू लागला. 1921 साली जर्सी सिटीत त्यानं डेम्प्सी आणि कार्पेंटिए यांना झुंजवलं, तेव्हा एका लढतीची तिकीटविक्री पहिल्यांदाच 10 लाख डॉलरच्या पुढे गेली. डेम्प्सीला 3 लाख आणि कार्पेंटिएला 2 लाख डॉलर आधीच कबूल केलेले होते. कार्पेंटिए चौथ्या फेरीत आडवा झाला, तरी त्याचे 2 लाख पक्के.

काऊबॉयच्या खेळात, म्हणजे रोडिओत, असं काही नसतं. बिथरलेल्या घोड्यावर किंवा बैलावर एका हातानं आठ सेकंद टिकायचं, आणि त्यासाठी आधी प्रवेश फी भरायची. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत गाडामालक भरतो तशीच. प्रवास, खाणंपिणं, मोडलेलं हाड, सगळं ज्याचं त्यानं पाहायचं. सहाव्या सेकंदाला पडला, तर पैसे गेले ते गेलेच. सिनेमानं जगाला दाखवलेला काऊबॉय एकटा आणि स्वतंत्र असतो. खरा काऊबॉय मुळात रोजगारावरचा गुराखी. 1883 मध्येही टेक्सासच्या गुराख्यांनी पगारवाढीसाठी काम थांबवलं होतं. हा इतिहास समजल्यावर मला अमेरिकेचा पश्चिम भाग अधिक माणसांचा वाटू लागला.

ऑक्टोबर 1936 च्या अखेरीस सॅन अँटोनिओचा कर्नल डब्ल्यू. टी. जॉन्सन आपला रोडिओ घेऊन बॉस्टनला आला. घोडे, बैल, जाहिरात, सगळं त्याचं. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांतल्या रोडिओंवर त्याचाच शब्द चाले. क्रीडागृह भरे, पण बक्षिसं इतकी तुटपुंजी की जिंकणाऱ्याच्याही हाती फारसं उरत नसे. 61 जणांनी एका कागदावर सह्या केल्या. मागण्या दोनच : बक्षिसाची रक्कम दुप्पट करा, आणि आम्ही भरलेली फी त्या रकमेत मिळवा. दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते. ते दया मागत नव्हते, स्वतःच्याच पैशांचा हिशेब मागत होते. आणि हे सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एकाच बक्षिसावर डोळा ठेवून आलेले!

संप सुरू झाल्यावर जॉन्सननं बदली माणसं आणून पाहिली. पण आठ सेकंद टिकणं ऐनवेळी कुणाकडून उसनं घेता येत नाही. खेळ फसला आणि कर्नलला मान तुकवावी लागली. पुढच्याच वर्षी त्यानं आपला धंदा विकून टाकला.

या संपातून काऊबॉयची संघटना उभी राहिली. तिचं नाव ‘काऊबॉईज टर्टल असोसिएशन’. टर्टल म्हणजे कासव. आम्ही हलायला उशीर केला, पण अखेर मान बाहेर काढली, असा त्याचा अर्थ ते सांगत. 1945 मध्ये नाव बदलून कासव गेलं, संघटना राहिली. तिचीच राष्ट्रीय अंतिम स्पर्धा 1985 पासून दर डिसेंबरात, एका वर्षाचा अपवाद सोडता, लास व्हेगासला होते; मोठमोठ्या मुष्टियुद्धांच्या त्याच शहरात. वर्षभरातल्या स्पर्धांना स्वार प्रवेश फी आजही भरतात. ती आता बक्षिसाच्या रकमेत जमा होते.