पॅकेट नेमकं कुठे अडकलं?

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. तिथून मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुल सरळ रेषेत साठेक किलोमीटर. केबलची वाट वळणावळणाची, म्हणून शंभर धरू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे संदेश मुंबईला जाऊन परत यायला एक मिलिसेकंद पुरे. आता समजा, गावातल्या कुणी लॅपटॉपवर ‘पिंग’ केलं आणि आकडा आला चाळीस. उरलेली एकोणचाळीस मिलिसेकंदं कुणी खाल्ली?

पिंग हे सांगत नाही. माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजतो, बस. दोष मोबाइल टॉवरचा, मधल्या राउटरचा, पलीकडच्या सर्व्हरचा की खुद्द लॅपटॉपचा, हे कळायचं तर वाटेत वेळेच्या नोंदी हव्यात. जुन्या पोस्टकार्डावर पाठवणाऱ्या आणि पोचवणाऱ्या अशा दोन्ही टपाल कचेऱ्यांचे शिक्के असत, तशा.

लॅपटॉपच्या आत हे शिक्के मारण्याचं काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. आलेलं पॅकेट, म्हणजे संदेशाचा एक तुकडा, आधी नेटवर्क कार्डावर उतरतं, मग मेमरीत जातं, प्रोसेसरला सवड होईपर्यंत थांबतं, सॉकेटच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या दाराशी असलेल्या, रांगेत लागतं आणि शेवटी ब्राउझरच्या हाती पडतं. शिक्का फक्त शेवटी मारला तर रांगेतला खोळंबा नेटवर्कच्या नावावर चढतो. बिचाऱ्या इंटरनेट कंपनीला काही शिव्या अशाच फुकट बसत असणार!

लिनक्सच्या कर्नलमध्ये २००९ साली, २.६.३० या आवृत्तीत, कार्डाने स्वतः मारलेला शिक्काही प्रोग्रॅमपर्यंत पोचवण्याची सोय आली. पुढे बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठीही टप्पे वाढले: रांगेत शिरताना, कार्डाच्या हवाली होताना आणि समोरच्याची पोच आल्यावर. दोन टप्प्यांमधली वजाबाकी केली की खोळंब्याची जागा सापडते.

मग प्रत्येक पॅकेटवर शिक्के मारत का सुटू नये? कारण घड्याळ बघायलाही वेळ लागतो. १० गिगाबिटच्या जोडणीवर सर्वांत लहान पॅकेटं सेकंदाला १ कोटी ४८ लाखांवर येऊ शकतात. एकेकाच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. त्यातली वीसेक घड्याळानेच घेतली तर काम कधी करायचं? लिनक्सने काढलेली तोड मोठी हुशारीची आहे. कुणी मागणी केली नसेल तेव्हा शिक्क्याचा कोड जागच्या जागी निष्क्रिय सूचनेत बदललेला असतो. टीसीपीडंपसारखं पॅकेटं टिपणारं साधन सुरू झालं की चालता कर्नल स्वतःचाच कोड पालटून शिक्के मारू लागतो.

अशा बारीकसारीक वेळांचं मोल मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराला पुरतं ठाऊक आहे. को-लोकेशनमध्ये, म्हणजे बाजाराच्याच आवारात सर्व्हर ठेवलेल्या दलालांना, भावांची माहिती एकामागून एक पाठवली जाई. जोडणीत आधी लागलेल्याला ती आधी मिळे, असा आक्षेप होता. २०१४ मध्ये सर्वांना एकदम प्रक्षेपण करणारी मल्टिकास्ट पद्धत आली. ‘सेबी’ने एप्रिल २०१९ मध्ये बाजाराला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितलं, जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली.

शिक्के असूनही एक अडचण उरते: घड्याळ कुणाचं? कार्डाचं घड्याळ वेगळं, कर्नलचं वेगळं. दोन्ही जुळलेली नसतील तर पॅकेट निघण्याआधीच पोचल्याचं दिसू शकतं. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी एनटीपी पद्धत बहुधा मिलिसेकंदांपर्यंतच अचूक राहते. त्याहून बारीक हिशेबासाठी २००२ साली पीटीपी हे मानक आलं. त्यात घड्याळ जुळवणाऱ्या संदेशांवरही कार्डाचाच शिक्का घेता येतो. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना आपल्या यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं.