हुतात्म्यांपुढे डफ वाजू द्या!

दरवर्षी १ मे रोजी सकाळी मुंबईच्या हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात, मानवंदना दिली जाते आणि फुले सुकण्यापूर्वीच चौक ओस पडतो. मशाल उंचावून उभे असलेले ते शेतकरी आणि कामगार मग वर्षभर केवळ रहदारी पाहत राहतात. ज्या स्मारकाने नागरिकांशी बोलावयाचे, त्याच्याशी वर्षातून एक तासच संबंध ठेवणे मुंबईला खचित शोभत नाही.

याच परिसरात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी निदर्शकांवर गोळीबार झाला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अवतरेपर्यंत शंभरांहून अधिक जणांनी प्राण वेचले. हा लढा वृत्तपत्रांनी आणि वक्त्यांनी लढविला, तसाच तो डफ-तुणतुण्यानेही लढविला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले होते. या शाहिरांच्या पोवाड्यांनी आणि लोकनाट्यांनी, ज्यांना अग्रलेख वाचता येत नव्हता त्यांनाही संयुक्त महाराष्ट्राचा अर्थ समजावून दिला. मग त्याच लढ्याच्या शिल्पापुढे शाहिरी मुकी का असावी?

आमची सूचना साधी आहे. महाराष्ट्रदिनाच्या सायंकाळी या शिल्पासमोर लोकसंगीताची विनामूल्य सभा भरवावी. चौकातले शिल्प आणि चौकातला पोवाडा या दोन्ही कलांना दार नाही, तिकीट नाही. एकीजवळ रूप आहे, वाणी नाही. दुसरीजवळ वाणी आहे. दोघींची गाठ पडावी, एवढेच आमचे मागणे.

वाहतूक अडेल, असा आक्षेप येईल. परंतु तो सुटीचा दिवस. कचेऱ्यांचा हा भाग त्या सायंकाळी निवांतच असतो. ध्वनिक्षेपकास रात्री दहाची मर्यादा आहे, तीही आड येत नाही. शिवाय ध्वनिक्षेपक जन्मण्यापूर्वी शतकानुशतके शाहिराचा खडा आवाज आणि झीलकऱ्यांची साथ गावाच्या चावडीला पुरत आली आहे.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की, सभा श्रोत्यांना विनामूल्य असावी; कलावंतांना नव्हे. अण्णाभाऊंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, हे महाराष्ट्राने विसरू नये. शाल-श्रीफळाने चूल पेटत नाही. मानधन ठरलेले असावे आणि ते त्याच दिवशी हाती पडावे.

दुसरे पथ्य अधिक अवघड आहे. शाहिराने केवळ जुनी कवने आळवू नयेत. समोरच्या शिल्पाकडे पाहून त्याने आजचे कवन रचावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मावळले आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. ज्या कामगाराच्या हाती आपण मशाल दिली, त्याच्या नातवंडांना या शहरात घर परवडते काय? त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या घामाला दाम मिळतो काय? हे प्रश्न शिल्प विचारू शकत नाही, शाहीर विचारू शकतो. ते ऐकताना पहिल्या रांगेतील मान्यवरांच्या कपाळी आठ्या पडल्या, तरी त्याचा डफ कोणी थांबवू नये.

स्तुतीसाठी भाट पुष्कळ मिळतात. हुतात्म्यांचे ऋण फेडावयाचे, तर त्यांच्यासमोर सत्य गाणारा शाहीर हवा आणि ते निमूटपणे ऐकून घेणारा समाजही हवा. सकाळची पुष्पचक्रे शासनाने वाहावीत. सायंकाळ मात्र जनतेची असू द्यावी.