रस्त्याचा गोंगाट आणि घरातील शांतता

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि तीन इंजिने असा तिचा थाट होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. पुढे कल्याणहून त्याला दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याच्या दिशेने गेला व दुसरा कर्जतच्या दिशेने. आगगाडीच्या पावलावर पाऊल टाकून वस्तीही आली. ठाणे व कल्याण ही खाडीकाठची जुनी गावे पसरत गेली आणि त्यांच्या दरम्यानचे डोंबिवली हे लहानसे खेडे चाकरमान्यांचे गजबजलेले शहर बनले.

शहर वाढले की घरे एकमेकांस खेटून उभी राहतात आणि रस्ते घरांच्या खिडक्यांशी येऊन भिडतात. पहाटे पहिली लोकल गाठण्यासाठी निघालेल्या रिक्षा, मागोमाग दुधाच्या गाड्या, शाळेच्या बसगाड्या, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, इमारतींच्या बांधकामांची ठोकाठोक आणि रात्री घोडबंदर रस्त्याने किंवा कल्याण-शिळ रस्त्याने धावणाऱ्या अवजड मालमोटारी, अशी ध्वनींची ही मिरवणूक दिवसरात्र चालू असते. रस्त्याकडेच्या सदनिकेत कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असतो, कोणी रात्रपाळी करून झोपलेला असतो, तर कोणी आजारी असतो. ह्या सर्वांना त्या मिरवणुकीत इच्छा नसताना सामील व्हावे लागते. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना त्या नाहीत. नको असलेले दृश्य डोळे मिटून टाळता येते. नको असलेला आवाज मात्र झोपेतही कानांत शिरतच राहतो.

ह्या शत्रूशी सामना द्यावयाचा, तर प्रथम त्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. एखादी वस्तू कंप पावली की तिच्या भोवतालची हवा कंप पावते. हवेतील ह्या लाटा सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने पसरतात आणि कानाच्या पडद्यावर येऊन आदळतात. त्यांची तीव्रता ‘डेसिबल’ ह्या एककात मोजतात. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांच्या नावावरून हे नाव पडले आहे. रात्रीच्या निवांत खोलीत सुमारे ३० डेसिबल आवाज असतो. समोरासमोरचे साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. वाहता रस्ता ७० ते ८० डेसिबलपर्यंत सहज पोहोचतो.

डेसिबलचे गणित नेहमीच्या बेरजेसारखे नाही. आवाज १० डेसिबलने वाढला, म्हणजे त्यातील ऊर्जा दसपट झाली असे समजावे. ६० वरून ८० वर गेलेल्या आवाजात शंभरपट ऊर्जा असते. उलट, रस्त्यावरील तशाच वाहनांची संख्या निम्मी झाली, तरी आवाज केवळ ३ डेसिबलने उतरतो. सतत वाहणाऱ्या रस्त्यापासून दुप्पट अंतरावर गेले, तरी घट साधारण तेवढीच होते. म्हणूनच दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड हलविल्याने फारशी शांतता लाभत नाही.

सवय झाली की गोंगाटाचा त्रास होत नाही, असे पुष्कळांस वाटते. मन सवय करून घेते हे खरे. परंतु शरीर तशी सवय करून घेत नाही. झोपलेल्या माणसाच्या खिडकीखाली कर्णा वाजला, तर तो जागा झाला नाही तरी त्याच्या नाडीचे ठोके वाढतात व झोप उथळ होते. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, तर रक्तदाब व हृदयविकार ह्यांचा धोका वाढतो. दररोज आठ आठ तास ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांची श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होते.

अभ्यासावर गोंगाटाचा काय परिणाम होतो, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात आढळले. तेथील एका शाळेच्या अगदी शेजारून उंचावरील लोहमार्ग जात होता. इमारतीच्या एका बाजूच्या वर्गांत दर काही मिनिटांनी गाडीचा खडखडाट होई आणि शिक्षकांना शिकविणे थांबवावे लागे; दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत होते. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट ह्या संशोधक महिलेने दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वाचनाची तुलना केली आणि १९७५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळा एकच असूनही गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे पडली होती. वरच्या वर्गांत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसविण्यात आल्या आणि वर्गांच्या छतांना आवाज शोषणारी आच्छादने लावण्यात आली. त्यानंतर १९८१ साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा हे अंतर नाहीसे झाले होते. दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हता, गोंगाटाचा होता. आणि तो दूर करता येण्याजोगाही होता.

आता रस्त्यावरचा आवाज घरात कोणत्या वाटेने येतो ते पाहू. विटांची गिलावा केलेली जाड भिंत मोठा अडसर ठरते, कारण जड वस्तू हलविणे ध्वनिलहरींना कठीण जाते. खिडकीचे पातळ तावदान त्या मानाने दुबळे असते. परंतु सर्वांत घातक असते ती फट. भिंत कितीही भक्कम असो. तिचा केवळ शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर आवाजाच्या ऊर्जेचा साधारण शंभरावा हिस्सा आत येतो आणि घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. पाण्याने भरलेल्या घागरीला एक बारीक छिद्र पुरे व्हावे, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून घराची डागडुजी फटींपासून सुरू करावी. आजच्या इमारतींतील सरकत्या खिडक्यांच्या खाचांत आणि दोन झडपा जेथे मिळतात तेथे फटी राहतात. त्या जागी रबराची किंवा लोकरीसारखी दाट पट्टी बसवावी. चौकट आणि भिंत ह्यांमधील भेगा बुजवाव्यात. दाराखालची फट झाकावी. तावदान जाड असेल तर लाभ होतोच. दोन तावदानांमध्ये हवेची रुंद पोकळी ठेवता आली, तर तो अधिक होतो. जाड पडदे, सतरंज्या व पुस्तकांची कपाटे ह्यांनी खोलीतील आवाजाचे घुमणे कमी होते. परंतु रस्त्याचा आवाज पडद्याने अडत नाही, कारण त्याला तेवढे वजन नसते आणि फटीही झाकल्या जात नाहीत. एक-दोन रांगांत लावलेल्या झाडांचीही तीच गोष्ट आहे. त्यांची सावली, हिरवाई मोलाची. आवाज मात्र ती फारसा रोखत नाहीत.

खोल्यांची मांडणी बदलणे हा विनाखर्चाचा उपाय होय. संपूर्ण इमारत ही रस्ता व मागील खोली ह्यांच्यामध्ये उभी असलेली एक प्रचंड भिंतच असते. म्हणून निजण्याची आणि अभ्यासाची जागा मागील बाजूस असावी. पंख्याचा एकसारखा मंद आवाजही थोडा उपयोगी पडतो. त्याच्या पार्श्वभूमीवर अचानक वाजलेला कर्णा कमी दचकवितो. फारच निकड असेल, तर कानांत मऊ बोळे घालावेत. मात्र रस्त्यावरून चालताना ते कधीही वापरू नयेत.

परंतु ह्या उपायांना एक मर्यादा आहे. कोकणपट्टीतील हवा दमट असते. वैशाखात डोंबिवलीच्या घरात सर्व खिडक्या बंद करून बसणे म्हणजे भट्टीत बसणे होय. रस्त्याकडची खिडकी लावून मागची उघडी ठेवणे काहींना शक्य असते. ज्यांचे सारे घरच एका खोलीचे असते, त्यांना तेही शक्य नसते. खिडकी उघडली की आवाज आत येतो आणि लावली की वारा बंद होतो. तेव्हा आवाज जेथे उत्पन्न होतो, तेथेच तो आवरला पाहिजे. रेल्वेने हे अंशतः साधले आहे. पूर्वी रुळांच्या प्रत्येक सांध्यावर चाके खडखडत. रूळ वितळवून सलग जोडण्याची पद्धत आल्यापासून ती खडखड पुष्कळ ओसरली.

रस्त्यासाठी कायदाही आहे. केंद्र शासनाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० ह्या वेळेत ५५ डेसिबल व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये ह्यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून शासनास जाहीर करता येतो. तेथे मर्यादा याहूनही कडक आहेत. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार, अपवादात्मक प्रसंग वगळता निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत वाहनाचा कर्णा वाजविण्यास मनाई आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे. पण आपला आवाज ऐकण्याची सक्ती दुसऱ्यावर करण्याचा हक्क कोणालाही नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे.

नियम कागदावर राहू नयेत ह्यासाठी कोणीतरी झटावे लागते. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर ह्यांनी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, न्यायालयाने तिच्यावर सविस्तर निर्णय दिला. पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवावीत, नागरिकांच्या तक्रारींसाठी सोय करावी आणि नियमांची कसोशीने अंमलबजावणी करावी, असे त्यात बजावण्यात आले. ठाणे शहरातील एका नागरिकाने चिकाटीने उचललेल्या ह्या प्रश्नाचा लाभ साऱ्या महाराष्ट्रास झाला.

मुंबई पोलिसांनी ह्याच प्रश्नावर एक गमतीदार प्रयोगही केला व २०२० च्या जानेवारीत तो लोकांपुढे मांडला. काही चौकांतील दिव्यांना ध्वनिमापक जोडण्यात आले. लाल दिव्यापाशी थांबलेल्या वाहनचालकांनी कर्णे वाजविले आणि आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की दिव्याचे उलटे मोजणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई! कर्णा वाजविल्याने वाट मोकळी होत नाही, हे चालकांस त्या दिव्याने न बोलता शिकविले.

सारेच आवाज काही गोंगाट नव्हेत. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर जमणाऱ्या तरुणांचा किलबिलाट, किंवा ठाण्याच्या तलावपाळीवरील संध्याकाळची लगबग हे शहराच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. ह्या आनंदाला वेळेचे व मर्यादेचे भान असले म्हणजे झाले. खिडकीची फट ज्याची त्याने बुजवावी. परंतु रात्रीच्या वेळी कर्ण्यावर जाणारा हात मात्र प्रत्येकाने दुसऱ्यासाठी आवरावयाचा असतो. त्या आवरलेल्या हातामुळे वरच्या मजल्यावरचे एखादे तान्हे मूल झोपेतून दचकून उठत नाही आणि शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे अर्धे सुटलेले गणित पुरे होते.