तालिकापत्रांपासून युनिकोडपर्यंत

विकसनशील देशांतील ग्रंथालयांना महागड्या संगणकप्रणाली परवडत नव्हत्या, तेव्हा युनेस्कोने ‘सीडीएस-आयसिस’ ही ग्रंथनोंदी साठवणारी प्रणाली विनामूल्य पुरवली आणि १९८५ मध्ये ती लघुसंगणकांवरही आणली.

पुढे २००० मध्ये न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयात ‘कोहा’ ही ग्रंथालयप्रणाली सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही प्रणाली मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते, आणि म्हणूनच ती स्थानिक भाषांत आणता येते.

मराठी ग्रंथालयांची खरी अडचण मात्र लिपीची आहे: जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला जगभर एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित केल्याशिवाय पुस्तक सूचीत असूनही शोधात सापडत नाही.

आपल्या वाचनालयाची सूची युनिकोडमध्ये आहे का, याची वाचकांनी जरूर चौकशी करावी.